माझं धरू नकोस

"आजपासून संध्याकाळचं माझं धरू नकोस," ती म्हणाली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूममध्ये गेली. तो तांदूळ काढत होता. पहिली वाटी पातेल्यात पडली होती, दुसरी अजून डब्यातच होती आणि तिच्यावर त्याचा हात होता. आत पाणी सुरू झालं. ती पोहायला शिकवायची त्या तलावावरून आल्यावर ती घरी पुन्हा अंघोळ करायची, कारण तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास तिच्या केसांतून जात नसे. घरच्या अंघोळीनंही तो जात नसे, पण ती प्रयत्न सोडत नसे. माझं धरू नकोस. हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, कारण तिचा राग पानं वाढेपर्यंत जिरतो, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. दूध आणू नकोस, आहे अजून, असं सांगावं त्या आवाजात ती बोलली होती. दुसरी वाटी वर घ्यावी की तशीच सोडून द्यावी, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं ती डब्यातच उपडी केली आणि झाकण लावलं. झाकण नीट बसेना. पातेल्याच्या तळाला पडलेले तांदूळ इतके थोडे दिसत होते, की एवढ्याशासाठी गॅस पेटवायचा का, असा त्याला प्रश्न पडला.

टेबलावर तिची पिशवी होती आणि पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून तो प्रोटीनचा बार डोकावत होता. बार तिच्याकडे असतात हे नवीन नव्हतं. तलावावर तिकिटाच्या खिडकीशेजारी काचेच्या कपाटात ते मांडलेले असत, आणि पोहण्याची शिकवणी संपली की ती एखादा खायची. हल्ली तर तिनं एक खोकंच विकत आणून कपाटात ठेवलं होतं. पण तो मधल्या वेळचा खाऊ होता, जेवणाच्या वाटेला जात नव्हता. आता तो जेवणाच्या जागेवर येऊन बसणार होता. त्यानं हात पुसले आणि बार उचलून उलटा केला. लोक वेष्टनाचं तोंड बघतात, तो पाठ बघायचा, धंद्याची सवय. ज्या प्रयोगशाळेत तो कामाला होता तिथं दिवसभर दुसरं काही चालतच नसे. बाजारातल्या खाण्याच्या वस्तू यायच्या, त्यांच्या पाठीवर जे लिहिलंय ते खरंच पोटात आहे का एवढं बघायचं आणि सही करून मोकळं व्हायचं. तिथं चरबी मोजणाऱ्याला सगळे तूपवाला म्हणत, ओलावा मोजणाऱ्या बाईंना पाणीवाली. तो प्रथिनं मोजायचा. पण प्रोटीनवाला म्हणायला तोंडाला जड जातं म्हणून, आणि वजनकाट्यापुढे तो श्वास रोखून उभा राहतो म्हणून, त्याचं नाव पडलं तोळामासा. पुढे त्याचा नुसता तोळा झाला. त्याला ते नाव आवडायचं, पण आवडतं असं त्यानं कधी दाखवलं नव्हतं.

साठ ग्रॅमचा बार. ऊर्जा दोनशे वीस. प्रथिने वीस. कर्बोदके बावीस, त्यापैकी साखर दोन. स्निग्धांश सात, तंतू सहा. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दुधाचं प्रथिन, सोयाचं प्रथिन, गोडीसाठी अमुक, मऊ राहावं म्हणून तमुक. जावयात खोट शोधणाऱ्या सासऱ्यासारखा तो एकेक ओळ वाचत गेला. खोट सापडेना. बेरीज बसत होती. तिच्या एका वेळच्या जेवणात तो अंडी उकडून, दूध आटवून, सुपात कसलं तरी पीठ कालवून जेवढं कसंबसं बसवायचा, तेवढं इथं एका वडीत ठासून चंदेरी कागदात गुंडाळलेलं होतं, आणि त्यासाठी कुणाला साधा कांदासुद्धा चिरावा लागला नव्हता.

"खाऊन बघायचाय?" ती मागे उभी होती, केस टॉवेलात बांधलेले.

"नाही. वाचतोय."

"वाच," ती म्हणाली. मग त्याच्या हातातून बार हलकेच काढून घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

त्यानं भात केला, सूप गरम केलं आणि एकट्याचं पान घेतलं. ती खिडकीतून खालचा रस्ता बघत होती. कागद फाटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. बार चावताना आवाज येत नाही. तो दातांना चिकटतो, आणि माणूस तोंड मिटून त्याच्याशी झगडत राहतो. तिची पाठ त्याच्याकडे होती. कानामागचा स्नायू हलत होता तेवढाच त्याला दिसत होता, आणि तो हलायचा थांबला की घास उतरला असं तो समजत होता. "चव कशी आहे?" त्यानं विचारलं. "गोड. आणि थोडी खडूसारखी." "मग?" "मग काय?" तिनं कागदाची नीट घडी घातली, घडीची पट्टी केली, पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पाणी प्यायली. जेवण झालं होतं. त्याचा भात अजून वाफाळत होता. एका वडीचा आपल्याला हेवा वाटतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला हसू आलं, पण ते हसू सांगायला समोर कोणी नव्हतं.

ती काय भुकेची बाई होती. तो पहिल्यांदा तलावावर गेला तो वय उलटून गेल्यावर, डॉक्टरांनी पाठीसाठी पोहायला सांगितलं म्हणून. आणि उथळ टोकाला कठडा धरून उभा राहिला तो अर्धा तास तसाच. ती काठावरून म्हणाली होती, "कठड्याला पोहायला शिकवायचं असेल तर वेगळी फी पडेल." मग पाण्यात उतरून तिनं त्याच्या मानेखाली हात धरला आणि म्हणाली, आता वर बघ, छताकडे, दुसरं काही करू नकोस. तो बुडाला. पुन्हा धरलं, पुन्हा बुडाला. तरंगायला तो शेवटपर्यंत शिकला नाही, पण शिकवणी संपल्यावर ती खायची ते बघायला मात्र तो नेमानं जाऊ लागला. ओल्या केसांचं पाणी पाठीवर टपकत असायचं, बोटांची टोकं सुरकुतलेली, आणि ती बाकावर बसून पाव, उकडलेली अंडी, केळी, जे असेल ते एकापाठोपाठ एक संपवायची. बोलता बोलता, त्याच्याकडे बघत, तोंडात घास असताना हसत. एकदा त्याचा डबा तिनं उघडला, वास घेतला, आणि विचारलंसुद्धा नाही. त्याला तेव्हा उकडलेल्या बटाट्यांपलीकडे फारसं काही येत नव्हतं. "कुणी केलंय?" "मी." "उद्या जास्त आण." त्या उद्या जास्त आणवर त्याचं लग्न झालं असं म्हटलं तरी चालेल. सगळा स्वयंपाक तो तिच्या भुकेसाठी शिकला. कामावरून येताना काय करायचं याचा विचार करत यायचा, आणि ती दारातच पायातल्या चपला काढता काढता विचारायची, काय शिजतंय? पुढचं वाक्य ऐकायच्या आत चमचा पातेल्यात गेलेला असायचा. त्या चमच्याचा आवाज त्याला इतका हवासा वाटे, की मुद्दाम तो पातेल्यावर झाकण ठेवत नसे.

मग ते आजारपण आलं. आतड्याचं दुखणं, शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर तिची भूक अशी गेली की जणू कुणी घरातलं सामान उचलून न्यावं. अंथरुणावर तिच्या खांद्याची हाडं चादरीतून दिसायची. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन गेलं पाहिजे पोटात, कसंही करून, रोज इतकं तरी. इतकं म्हणजे किती हे त्यांनी आकड्यात सांगितलं, आणि त्याच्यासारख्या माणसाला आकडा सांगणं म्हणजे बुडत्याच्या हाती दोर देणं झालं. घरात वजनकाटा आला. अंड्याचे सहा, दुधाच्या पेल्याचे आठ, सुपात कालवलेल्या पिठाचे पाच. ती एक चमचा घ्यायची, तो मनात मिळवायचा. ती अर्धं टाकायची, तो अर्धं वजा करायचा. "किती झालं?" ती डोळे मिटून विचारायची. "अकरा." "अजून?" "अजून नऊ." मग ती तोंड उघडायची आणि तो चमचा पुढे करायचा. ते दिवस वाईट होते, फार वाईट होते, आणि तरी आता बसमध्ये किंवा काट्यापुढे उभं असताना ते दिवस त्याला एकदम आठवत आणि हवेसे वाटत. तेव्हा ती त्याच्या हातून खात होती. ती बरी झाली, पुन्हा पाण्यात उतरली, खांदे भरले, काठावरून लोकांना टोमणे मारू लागली. फक्त ती दारातून काय शिजतंय असं विचारेनाशी झाली. तो रोज त्या प्रश्नाची वाट बघायचा. पातेल्यावर झाकण न ठेवता.

तो बार तपासून बघायचा हे त्यानं कधी ठरवलं ते त्याला सांगता आलं नसतं. खोक्यातून एक उचलून त्यानं खिशात टाकला आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की आपण हा उचललाय, म्हणजे आपलं ठरलंय. लिहिणारे लिहितात, काय वाट्टेल ते लिहितात. वीस लिहिलेले त्यानं अकरा निघालेले पाहिले होते, आणि अशा वेळी त्याला कंपनीचा राग यायचा. आज मात्र तो मनातून विनवणी करत होता, की कमी निघू दे. पाच निघू दे. मग तो तिला सांगू शकेल. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं सांगायचं: बघ, यात काही नाही, ये जेवायला. खिशात बार अंगाच्या उबेनं मऊ होत होता आणि त्याच्या बोटांना ते कळत होतं.

प्रयोगशाळेत क्रमांक नसलेल्या नमुन्याला हात लावायचा नसतो, पण त्याच्या भट्टीत त्या दिवशी एक खाच रिकामी होती. चॉकलेटचा थर असलेली वडी आधी गोठवावी लागते, मग दळावी लागते, म्हणजे वरचा थर, मधला गर, खालचा चिकट भाग असं सगळं एकजीव होतं आणि कुठूनही चिमूट घेतली तरी ती अख्ख्या वडीची असते. हे तो नव्यानं आलेल्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा. पण गोठवणाऱ्या यंत्राजवळ तूपवाला उभा होता, आणि तूपवाल्याच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणून त्यानं पाठ वळवून सुरीनं वडीच्या टोकाचा एक तुकडा कापला, काट्यावर ठेवला आणि नळीत टाकला. वर आम्ल. नळ्या भट्टीत गेल्या. आधी सगळं काळं होतं, कोळशासारखं, फेस येतो; मग तपकिरी, मग पिवळट, आणि दोन-तीन तासांनी त्यात खाण्याचं काही उरत नाही, नुसतं स्वच्छ हिरवट पाणी राहतं. त्याला इतक्या वर्षांत हे कधी विचित्र वाटलं नव्हतं. आज तो काचेतून त्या एकाच नळीकडे बघत राहिला, कारण त्यात जे जळत होतं ते तिच्या रोजच्या तोंडातलं होतं, आणि तिच्या तोंडाची चव त्याला हल्ली माहीत नव्हती.

दुपारी शेवटची पायरी. थेंब थेंब आम्ल सोडत जायचं आणि खालचं हिरवं पाणी गुलाबी व्हायची वाट बघायची. जितके थेंब जास्त, तितकं प्रथिन जास्त. त्याचं पाणी लवकर गुलाबी झालं, इतकं लवकर, की तोटी बंद करायला हात पुरला नाही. कोऱ्या नळीचे थेंब वजा केले. कोऱ्या नळीत नमुना नसतो, तरी तिच्यातून थोडंसं काहीतरी येतंच, आणि ते वजा करावं लागतं. मग गुणाकार केला. तेरा. एका बारात तेरा. कागदावर वीस, पोटात तेरा. त्याला इतका आनंद झाला की त्यानं चष्मा काढून पुसला.

"तोळ्या, गुणगुणतोयस," तूपवाला पलीकडून म्हणाला. "पगारवाढ झाली का काय?"

"नाही हो. असंच."

"असंच तू गुणगुणत नाहीस. तू असंच शिंकतसुद्धा नाहीस."

त्यानं तूपवाल्याला आकडा सांगितला नाही. ते लपवणं नव्हतं, तिथली रीतच तशी होती. एकटा आकडा तोंडातून काढायचा नाही. प्रत्येक नमुना दोनदा करायचा, आणि जोड जुळली तरच बोलायचं. तोवर साहेब जरी समोर उभे राहून विचारत असले तरी, बघतोय अजून, एवढंच म्हणायचं. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण त्याच्याइतकी कुणी पाळलीही नव्हती. त्याच्या तोंडून एकटा आकडा ऐकलेला माणूस त्या इमारतीत नव्हता. जोड उद्या करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि बसमध्ये बसल्यावर तेरा हा शब्द तोंडात घोळवत राहिला. तेराच आहे. तेराच निघालं. मऊ आवाजात म्हणायचं. आधी हात धुवायचे, मग म्हणायचं.

ती खिडकीशी होती, कागद नुकताच फाडलेला. त्यानं हात धुतले नाहीत.

"त्यात तेराच आहे," तो म्हणाला.

"कशात?"

"तुझ्या बारात. वीस लिहिलंय. तेरा निघालं."

तिनं बार खाली घेतला. "तू तो तपासायला नेलास?"

"एकच नेला."

"म्हणून खोक्यात एक कमी होता. मला वाटलं मीच खाल्ला." ती थोडी हसली. किती दिवसांनी, हे त्याच्या मनात आलं. पण ते हसू त्याच्यापर्यंत न येता बाजूनं गेलं.

"रोजचे सात कमी पडतात तुला. म्हणजे आठवड्याला..."

"आठवड्याचं नको करूस," ती म्हणाली. "प्लीज."

तो खुर्चीवर बसला. "मी एवढंच म्हणतोय, की पोट भरलं म्हणजे झालं असं नाही. अंगाला लागायला हवं."

"पोट भरत नाही."

"काय?"

"पोट भरत नाही त्यानं. भूक लागते मला. रात्री झोपेतून जाग येते, इतकी लागते. काल तुझं सूप झाकून ठेवलेलं होतं, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले होते."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भूक लागते. हा शब्द तिच्या तोंडून ऐकायला तो किती काळ झुरला होता, किती पातेली त्यानं त्यासाठी उघडी ठेवली होती, आणि ती भूक या घरातच होती, त्याच्या शेजारच्या उशीवर जागी होत होती. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला, कारण तिचा चेहरा आनंद सांगणाऱ्याचा नव्हता.

"मग खाल्लं का नाहीस?"

"सकाळी तू पातेलं उघडलं असतंस," ती म्हणाली. "आणि कळलं असतं तुला, किती." ती थांबली. बारावरून बोट फिरवत म्हणाली, "यावर लिहिलेलं असतं ना. वीस. खाल्लं की झालं. तुला विचारावं लागत नाही आणि मला सांगावं लागत नाही. म्हणून खाते. चव तर खडूची आहे."

"मी हल्ली विचारत नाही."

"तोंडानं नाही विचारत. मी घास उचलला की तुझे ओठ हलतात. तुला माहीत आहे का? हलतात. मिळवतोस तू. पाहुणे आले तरी मिळवतोस."

त्याला माहीत नव्हतं. त्यानं नकळत ओठांवर हात नेला.

"मी चिडलेली नाहीये," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "तू नसतास तर मी तेव्हाच गेले असते, हे मला कुणी सांगायला नको. पण आता मी बरी आहे रे. मी जेवायला बसते आणि मला वाटतं मी तुझ्या काट्यावर बसलेय. मग घास फिरतो तोंडात. मला भूक लागावी आणि कुणालाच कळू नये, असं वाटतं. वेडेपणा आहे, पण वाटतं." मग तिनं राहिलेला बार संपवला, कागदाची घडी घातली, घडीची पट्टी केली. यावेळी त्यानं कानामागच्या स्नायूकडे बघितलं नाही. टेबलाच्या लाकडातल्या रेघांकडे बघत बसला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी जोड करायची काही गरज नव्हती. तेरा असो की तेहतीस, तिला त्याचं काही नव्हतं, आणि त्यालाही आता काय करायचं होतं? पण एकटा आकडा तोंडातून गेला होता, आणि तो तसा हवेत सोडून देणं त्याच्या हातून होईना. त्यानं सकाळीच एक नवा, अख्खा बार गोठवला, दळला, पीठ हलवून हलवून एकजीव केलं, दोन नळ्या भरल्या. तूपवाला येऊन शेजारी उभा राहिला.

"कशाचं आहे हे? क्रमांक दिसत नाही."

"घरचं आहे."

"घरचं? बायकोचा स्वयंपाक तपासतोस का काय?"

"स्वयंपाक मी करतो."

"मग बरोबर आहे," तूपवाला म्हणाला. "तपासायलाच हवा." हसत हसत तो आपल्या बाकाकडे गेला. त्याच्या त्या हसण्याचं याला बरंच वाटलं. दुपारी थेंब पडत राहिले, पडतच राहिले, आणि पाणी गुलाबी व्हायला तयार होईना. पहिली नळी वीस, दुसरी वीसच्या किंचित वर. कंपनी खरं बोलत होती. खोटा त्याचा स्वतःचा तुकडा होता. वडीच्या टोकाला चॉकलेटचा आणि गोड चिकाचा थर जाड असतो आणि गर कमी, आणि तो नेमका टोकाचाच तुकडा, न गोठवता, न दळता, पाठ वळवून. एखाद्या शिकाऊनं असं केलं असतं तर त्यानं त्याला नळ्या धुवायला बसवलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात तो टोकाचा तुकडा फिरत राहिला. आजारपणातली ती, चादरीतून हाडं दिसणारी, तोंड उघडून चमच्याची वाट बघणारी. तेवढा तुकडा धरून तो अख्ख्या बाईचा हिशेब करत आला होता. तलावाच्या बाकावर केळी संपवणारी, कठड्याला फी सांगणारी, रात्री सुपाच्या पातेल्याजवळ उभी राहणारी, ती त्यात आलीच नव्हती. विचार इथपर्यंत आला आणि त्याला तिची इतकी आठवण आली, की जणू ती गावाला गेलीय. ती तलावावर होती, दोन बसथांब्यांपलीकडे.

घरी येऊन त्यानं वजनकाटा ओट्यावरून उचलून कपाटाच्या वर ठेवला. बटाटे उकडले, अंडी उकडली, कांदा लालसर परतला, भरपूर मिरी घातली, आणि लोणी घालताना चमच्याकडे न बघता घातलं. जास्त पडलं असावं. ती आली तेव्हा त्याचं स्वतःचं ताट भरून तयार होतं.

"वीस आहे," तो म्हणाला. "कालचं माझं चुकलं. मी टोकाचा तुकडा घेतला होता. बार चांगला आहे."

"बरं," ती म्हणाली. पिशवी टेबलावर ठेवून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. केस ओले होते, तो औषधी वास खोलीभर झाला होता.

"ओट्यावर आहे सगळं. हवं तर घे. नको तर नको." पुढचं वाक्य त्यानं दिवसभर जुळवलं होतं, पण ते जुळवल्यासारखं आलं नाही. "मी गॅलरीत बसतो. इथं बसलो की बघतो मी. थांबवता येत नाही मला. मला तुला जेवताना बघायला फार आवडतं, आधीपासूनच, आजारपणाच्याही आधीपासून. पण मी बाहेर बसतो."

तो ताट घेऊन गॅलरीत गेला, खुर्ची रस्त्याकडे वळवली आणि घराकडे पाठ करून बसला. समोरच्या दुकानाची काच एक माणूस शिडीवर चढून पुसत होता. त्यानं बटाट्याचा घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला, कारण चावण्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नव्हतं. कागद फाटतो का, एवढंच त्याला ऐकायचं होतं. पिशवीची चेन वाजली. मग काहीच नाही. बाथरूमचं दारही वाजलं नाही. शिडीवरच्या माणसानं फडकं पिळलं. आता ती उभी असेल, टेबल आणि ओटा यांच्या मधोमध, आणि तो इथून एक शब्दही बोलू शकत नव्हता, कारण कुठलाही शब्द बोलला तरी तो विचारणंच झालं असतं. त्याचं ताट मांडीवर निवत होतं. आपण इतकी वर्षं तिच्यासाठी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात अवघड आहे, आणि ही करताना आपण नुसते बसलोय, असं त्याच्या मनात आलं.

ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग डाव पातेल्याला लागला. मग पुन्हा लागला. त्यानं खाली मान घालून स्वतःच्या ताटाकडे बघितलं. डाव आणखी कितीदा वाजला ते त्यानं मोजलं नाही, म्हणजे मोजू नये म्हणून त्यानं शिडीवरच्या माणसाची टोपी कुठल्या रंगाची आहे ते मनाशी म्हणायला सुरुवात केली. पावलं गॅलरीच्या दारापर्यंत आली.

"सरक," ती म्हणाली.

तो सरकला. गॅलरीत एकच खुर्ची मावायची, म्हणून ती उंबऱ्यावरच बसली, त्याच्या खांद्याला तिचा खांदा लागेल इतकी जवळ, मांडीवर ताट घेऊन. त्याच्या बाहीवर तिच्या केसांतलं पाणी पडलं. त्याची मान आपोआप वळू लागली.

"समोर बघ," ती म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

त्यानं समोर बघितलं. शिडीवरचा माणूस खाली उतरून आपण पुसलेली काच लांबून न्याहाळत होता. कानाशी, अगदी कानाशी, ती चावत होती, गिळत होती, पुन्हा चमचा भरत होती, आणि मान वळवावी असं त्याला आयुष्यात इतकं कधीच वाटलं नव्हतं.